बाळंतिणीच्या खाटेजवळ हात धुण्याची सोय कशी लावावी

‘हात धुऊनच बाळाला घ्या’ हे प्रत्येक बाळंतिणीने ऐकलेलं असतं. दवाखान्यात नर्स सांगते, घरी आशाताई सांगते, वॉर्डच्या भिंतीवर चित्रही असतं. तरी घरी आल्यावर चार-पाच दिवसांत हात धुणं मागे पडतं. बहुतेक घरांत याचं कारण अज्ञान नसतं. साबण मोरीत, पाणी अंगणातल्या टाकीत, बाळंतीण आतल्या खोलीत, टाके अजून ओले आणि रात्रीचे दोन वाजलेले. अशा वेळी ती लंगोट बदलते, हात पदराला पुसते आणि बाळाला छातीशी घेते. तिला पुन्हा समजावून सांगण्याने यात फरक पडत नाही. साबण आणि पाणी तिच्या हाताशी आणून ठेवलं, की पडतो. ही सोय कशी लावायची, ती टिकवायची कशी आणि कुठे बिघडते, ते पुढे दिलं आहे. आशाताई, बाळंतिणीची आई किंवा सासू आणि बाळाचा बाप, तिघांनाही उपयोगी पडेल.

एवढा आटापिटा का, तर जन्मानंतरचे पहिले २८ दिवस सर्वांत नाजूक असतात. बाळाची कातडी पातळ असते, प्रतिकारशक्ती अपुरी असते आणि कापलेल्या नाळेचा देठ म्हणजे एक उघडी जखमच असते. मोठ्या माणसाच्या हातावर निरुपद्रवीपणे राहणारे जंतू त्या जखमेतून किंवा तोंडावाटे आत गेले, तर जंतुदोष रक्तात पसरायला दिवसही पुरतो. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात २३,००० हून अधिक नवजात बाळांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आई हात धुते असं ज्या घरांनी सांगितलं, तिथे बाळ दगावण्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी दिसलं (हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला). हा फरक एकट्या साबणाचाच होता असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही, हेही खरं. पण इतक्या स्वस्त उपायासाठी हा पुरावा पुरेसा बोलका आहे. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणलं. त्यात जंतुदोषावरचे उपचार, ऊब, स्तनपान असं बरंच काही होतं, आणि स्वच्छता त्याचाच भाग होती. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, त्या भेटींचं मूळ या कामात आहे.

आधी गार पाण्याचा प्रश्न

‘ओल्या बाळंतिणीने गार पाण्यात हात घालू नये, वात धरतो’ हे जवळजवळ प्रत्येक घरात पाळलं जातं. हात धुण्याच्या आड सर्वांत जास्त येते ती हीच गोष्ट, आणि नेमकी तीच आरोग्याच्या भिंतीपत्रकांवर कधी दिसत नाही. या समजुतीशी वाद घालत बसू नका. सासूबाईंशी वाद जिंकलात तरी बाळंतीण गार पाण्याला हात लावणार नाही. कोमट पाण्याची सोय करा, प्रश्न तिथेच मिटतो. जंतू निघण्यासाठी पाणी गरम असण्याची गरज नाही, साबण आणि चोळणं हेच काम करतात. पण कोमट पाण्याने काही बिघडतही नाही आणि घरातली मोठी माणसं आनंदाने भरून देतात. बाळंतिणीच्या अंघोळीसाठी सकाळी बंब किंवा हंडा तापतोच, त्यातलंच थोडं बाजूला काढायचं.

सामान

उन्हाळ्यात थंड पाण्यासाठी वापरतात तो तोटीचा, उष्णता धरून ठेवणारा ५ लिटरचा वॉटर जग यासाठी उत्तम. त्यात पाणी कितीतरी तास कोमट राहतं. तो नसेल तर तोटीचा १० लिटरचा साधा प्लास्टिकचा कॅन चालतो. अशा कॅनमध्ये उकळतं पाणी ओतू नका, तोटीचा वायसर ढिला होऊन पाणी ठिबकायला लागतं. आधी गार पाणी, मग वरून गरम, आणि हाताला सोसेल इतकं कोमट झालं की थांबा.

पाणी किती लागेल? हात ओले करायला अर्धी वाटी आणि धुवायला दीड-दोन वाट्या, म्हणजे एका वेळी साधारण ३०० मिलिलिटर. तोटीची धार पेन्सिलीइतकी बारीक ठेवली तर एवढ्यात भागतं, मोठी सोडली तर तिप्पट जातं. बाळ दिवसाला ८ ते १२ वेळा दूध पितं, तितकेच लंगोट बदलावे लागतात आणि बाळंतिणीचे स्वतःचे पॅड किंवा कपडे ४-६ वेळा बदलतात. यातल्या बऱ्याच गोष्टी लागोपाठ होत असल्याने दिवसाकाठी वीसेक वेळा हात धुणं होतं. म्हणजे ६ लिटर पाणी. टँकरच्या गावातसुद्धा बाळंतिणीसाठी सहा लिटर काढून ठेवणं अवघड नाही. वापरलेलं पाणी परसातल्या झाडाला घाला.

कॅन जमिनीवर नको. टाके असलेल्या बाईला वाकता येत नाही, विशेषतः सिझर झालं असेल तर. खाटेवर बसल्या जागी हात पोचेल अशा स्टुलावर तो ठेवा, तोटी कडेबाहेर येऊ द्या आणि खाली बादली. बादली अर्धी भरली की रिकामी झालीच पाहिजे. काठोकाठ भरून खोलीत पाणी सांडलं की दुसऱ्याच दिवशी ‘राहू दे ते, ओल होते बाळाला’ म्हणून सगळं सामान बाहेर जातं.

साबण कोणताही चालतो, अंघोळीचा नेहमीचा असला तरी. ‘जंतुनाशक’ लिहिलेला महागाचा साबण घ्यायची गरज नाही. वडी कांद्याच्या जाळीत घालून कॅनच्या मुठीला बांधा. जाळीमुळे ती कोरडी राहते, खाली पडत नाही आणि कपडे धुवायला कोणी उचलून नेत नाही. साबण पळवला जाणं हे फार मोठं कारण असतं, म्हणून ही साधी दोरी मोलाची. साबण परवडत नसेल तर दीड लिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम धुण्याची पावडर घालून साबणाचं पाणी करा आणि झाकणाला तापलेल्या दाभणाने भोक पाडा. हे फक्त हाताला वापरायचं, बाळाच्या अंगाला नाही. हात चिरत असतील तर वडीच बरी.

माती मात्र नको. मातीत धनुर्वाताचे जंतू आणि जंतांची अंडी असू शकतात. राखेची सवय असलेल्या घरात निदान बाळंतिणीच्या खोलीपुरता तरी साबण आणा.

तोटीचं काहीच मिळालं नाही तर दुसऱ्याने तांब्याने पाणी घालायचं. उघड्या बादलीतून मगाने पाणी घेणं टाळा. शीचा हात मगाला लागतो, मग बादलीत बुडतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी तेच पाणी हातावर येतं. पसरट भांड्यात हात बुचकळण्यानेही तेच होतं.

शेवटची वस्तू नॅपकिन. दोन घ्या, एक वापरात, एक वाळत, आणि रोज बदला. त्यावर फक्त बाळंतिणीने हात पुसायचे. ओल्या हाताला जंतू कोरड्या हातापेक्षा लवकर चिकटतात, म्हणून धुतलेले हात पदराला, ओढणीला किंवा दाराच्या पडद्याला पुसले की धुण्याचा निम्मा फायदा गेला. नॅपकिन नसेल तर हात हवेत वाळू द्या.

कधी धुवायचे

संडासला जाऊन आल्यावर, बाळाची शी-शू काढल्यावर, स्वतःचं पॅड बदलण्याआधी आणि बदलल्यावर, दूध पाजण्याआधी, नाळेजवळ हात लावण्याआधी. स्वयंपाकाला किंवा जेवायला बसण्याआधी तर आहेच.

यातली दोन ठिकाणं हमखास निसटतात. पहिलं बाळाच्या शीचं. ‘नुसतं दूध पिणाऱ्या बाळाची शी म्हणजे काय घाण!’ असं आजीच म्हणते. वास कमी असला तरी त्यात आतड्यातले जंतू असतात, आणि तोच हात मिनिटाभरात बाळाच्या तोंडाशी जातो. दुसरं पॅडचं. अंगावरून जातं त्या काळात पॅड बदलण्याआधीही हात धुवायचे, कारण मळक्या हातामुळे टाक्यांना जंतुदोष होऊ शकतो. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतरोगाने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या एकदम खाली आली. हात धुण्याने बाळ जपलं जातं तशी आईही जपली जाते, हे घरात मुद्दाम सांगावं, कारण बाळंतिणीच्या तब्येतीचा विचार तिथे सर्वांत शेवटी होतो.

दूध पाजण्याबद्दल एक सावधगिरी. हात धुवायचे आहेत, स्तन नाहीत. प्रत्येक वेळी साबणाने स्तन धुतले तर बोंडं कोरडी पडून चिरा जातात. आणि पाणी संपलं म्हणून भुकेल्या बाळाला कधीही ताटकळत ठेवू नका. आईचं दूध स्वतःच जंतुदोषापासून वाचवतं, त्यामुळे अशा वेळी आधी पाजा. रात्री हात मळलेले नसतील तर दोन्ही हातांना पुरेल एवढं सॅनिटायझर (अल्कोहोल ६० टक्क्यांहून जास्त असलेलं) २०-३० सेकंद चोळून पूर्ण वाळल्यावर बाळाला घ्यायला हरकत नाही. हाताला शी, रक्त किंवा तेल लागलं असेल तर सॅनिटायझर निरुपयोगी, तिथे साबणच हवा. आणि एक धोका: अल्कोहोल पेट घेतं. ज्या खोलीत शेक-शेगडी किंवा धुरी चालते तिथे सॅनिटायझरची बाटली ठेवू नका, आणि सॅनिटायझर वाळण्याआधी शेगडीजवळ जाऊ नका. धुरी तर बाळाच्या छातीसाठीही वाईटच.

कसे धुवायचे

अंगठ्या काढा. हिरवा चुडा काढायला कोणी तयार होत नाही आणि तसा आग्रह नकोच, बांगड्या कोपराकडे सरकवा आणि तिथेच रुमालाने अडकवा. नखं कापलेली हवीत. आठवा महिना लागला की नेलकटर बाळंतपणाच्या पिशवीत टाका.

हात ओले करा, तोटी बंद करा, साबण दोन्ही हातांना लावा. मग आशाताईंना शिकवलेलं ‘सुमन-के’ आठवा: सीधा, उलटा, मूठ, अंगठा, नख, कलाई. म्हणजे तळहातावर तळहात, मग हाताची मागची बाजू आणि बोटांच्या बेचक्या, मूठ वळून बोटांची पेरं, अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवायचा, नखं तळहातावर घासायची, शेवटी मनगट. चोळणं निदान २० सेकंद, आणि सगळं धरून ४० ते ६० सेकंद. अंगठा आणि नखांचे कोपरे बहुतेकांचे राहून जातात, आणि बाळाचा लंगोट बांधताना, बोंड तोंडात देताना तीच जागा बाळाला लागते. घाईत काही सोडायचंच असेल तर मागची बाजू सोडा, अंगठा आणि नखं सोडू नका.

पटवायचं कसं

‘हात धुता का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. म्हणून विचारू नका, करून दाखवा आणि नंतर साबण बघा.

आशाताईने घरात पाऊल टाकलं की आधी साबण-पाणी मागावं आणि सगळ्यांसमोर हात धुवावेत. बाळाला हात लावण्याआधीचा हा तिचा नियमच आहे, पण त्याचा दुहेरी उपयोग होतो. पाणी आणायला कोणाला किती वेळ लागतो, साबण कुठून येतो, यावरून त्या घराची खरी स्थिती कळते. साबण शोधायला पाच मिनिटं लागली तर बाळंतीण रात्री काय करत असेल, हे निराळं विचारायला नको.

मग हा प्रयोग करा. बाळंतीण, तिची आई किंवा सासू आणि नवरा यांच्या तळहातावर चमचाभर गोडं तेल आणि दोन चिमट्या धणेपूड टाका. हळद नको, ती कातडीला रंग धरते. मसाला नको, झोंबतो. दोन्ही हात एकमेकांवर नीट चोळायला सांगा. आता नुसत्या पाण्याने धुवायला द्या. पूड नखांत, अंगठ्याच्या मुळाशी आणि बेचक्यांत तशीच चिकटून राहते, हात चकाकत राहतात. नंतर साबण लावून २० सेकंद चोळून धुवा, हात स्वच्छ होतात. हाताचं तेल जंतूंना असंच धरून ठेवतं आणि साबण ते तेल सोडवतो, एवढंच सांगा. सासूबाईंच्या नखात उरलेली धणेपूड दिसली की पुढचं बोलणं त्याच करतात.

भीती घालू नका. ‘बाळ दगावेल’ हे ऐकून बाई दोन दिवस हात धुते, मग भीती ओसरते आणि अपराधीपणा तेवढा उरतो. आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात ‘सुपरअम्मा’ नावाचा उपक्रम झाला, त्यात रोगांचं भय जवळजवळ दाखवलंच नव्हतं. आईची माया आणि घाणीची किळस या दोनच भावनांवर भर होता, आणि हात धुण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं. आपल्याकडे सांगण्याचा सूर असा असावा: ‘ताई, बाळाच्या तोंडाला पहिला हात तुमचा लागतो, तो स्वच्छ असू दे.’

घरात कोणाशी बोलायचं, हे त्याहून महत्त्वाचं. बाळंतिणीच्या शब्दाला त्या दिवसांत फारसं वजन नसतं, तिने पाणी मागितलं तर ‘फार कौतुक’ ठरतं. म्हणून कामं नावानिशी वाटून द्या. सकाळी आणि संध्याकाळी जग भरायचं काम बाळाच्या बापाचं. बादली ओतायचं घरातल्या मोठ्या मुलाचं किंवा नणंदेचं. आजी नियम सांभाळेल. आजीला अधिकार दिला की ती तो पुरेपूर वापरते आणि पाहुण्यांनाही सोडत नाही.

न्हाऊ घालणारी बाई आणि पाहुणे

मालीश करून न्हाऊ घालायला येणारी बाई एका सकाळी तीन-चार घरं करते. एका बाळाच्या अंगावरचे फोड तिच्या हातातून दुसऱ्या घरी जातात. तिने दारातच कोपरापर्यंत हात धुवावेत, नखं कापलेली असावीत आणि तेल छोट्या वाटीत लागेल तेवढंच काढून घ्यावं, बरणीत बोटं बुडवू नयेत. घसा साफ करायला तोंडात बोट घालणं, नाकात-कानात तेल सोडणं, बेंबीत तेल किंवा हळद भरणं हे कितीही स्वच्छ हातांनी केलं तरी चुकीचं. नाळेला काहीही लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपोआप गळते. कमी वजनाच्या बाळाला तर अंघोळ लांबवून नुसतं कोमट ओल्या फडक्याने पुसावं. या बाईला घालूनपाडून बोललात तर ती येणं बंद करेल किंवा मागे करायचं ते करेल. तिला धणेपुडीचा प्रयोग दाखवा, जुने अनुभवी हात असतात, पटलं की चारही घरांत तीच सांगते.

पाचवीला आणि बारशाला घर भरतं. त्या दिवशी दुसरा कॅन आणि साबण बाहेरच्या दाराशीच ठेवा, चपला काढायच्या जागेजवळ. तिथे हात धुवायला सांगितलं तर वाईट दिसत नाही, आत बाळ मांडीवर घेतल्यावर ‘हात धुतले का?’ विचारणं मात्र मनाला लागतं. सर्दी-खोकला, जुलाब, अंगावर पिकलेला फोड किंवा ओठावर जर (बारीक फोड) उठलेला असेल त्याने हात धुतले तरी बाळाला घेऊ नये. बाळाचा मुका कोणीच घेऊ नये.

कुठे बिघडतं

साधारण दहाव्या दिवसाच्या सुमाराला हात कोरडे पडतात, थंडीत चिरतात आणि मग साबण झोंबतो. रात्री झोपताना खोबरेल लावा, साबणाच्या पुढच्या धुण्यात ते निघून जातं. साबण संपला आणि नवीन आणायचा राहिला, हेही नेहमीचं, म्हणून एक वडी कायम जादा ठेवा. आशाताईने पुढच्या भेटीत वडीची कड पाहावी. आठ दिवसांनीही कंपनीचं नाव स्पष्ट वाचता येत असेल तर साबण वापरला जात नाही. रागावू नका, स्टूल कुठे आहे ते बघा. बहुधा तो खाटेपासून हललेला असतो.

हात धुऊनही आजार होऊ शकतो. बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं, अंग गार लागतं किंवा तापलं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, पोट फुगलं, नाळेतून पू किंवा भोवती लाली, यातलं एकही दिसलं तर घरी उपाय करत थांबू नका. नवजात बाळाला जंतुदोषात ताप येईलच असं नाही, बरेचदा अंग उलट गार पडतं. १०८ ला फोन करा, बाळाला छातीशी उबेत धरा, वाटेत पाजत राहा. सरकारी दवाखान्यात नवजात बाळाचे उपचार आणि गाडी मोफत असते.

बेचाळीस दिवस झाले की खाटेजवळचा जग उचलला जातो. तो माळ्यावर टाकू नका. बाळंतीण चुलीशी जायला लागली की स्टूल स्वयंपाकघराच्या दाराशी आणा, तीच जाळी, तीच वडी. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू होतं, तेव्हा खिमटीच्या वाटीला हात लावण्याआधी तोटी पुन्हा हाताशीच असेल.